शकुनाची गंमत आणि अपशकुनाची किंमत



आज व्याख्यानाला निघताना ज्यांच्या घरात नेमकी कोणाला तरी शिंक आली असेल, त्यांनी क्षणभर थांबून, घोटभर पाणी पिऊन मगच पायांत चपला सरकवल्या असतील. अशांनी हात वर करावेत असे म्हटले, तर या सभागृहात एकही हात वर होणार नाही. आणि ‘आम्ही थांबलो नाही’ असे ज्यांना शपथेवर सांगता येईल त्यांनी हात वर करावेत म्हटले, तरीही फारसे हात वर होतील असे नाही. लोकसमजुतींची सारी गंमत या वर न होणाऱ्या हातांत आहे. माणूस त्यांवर विश्वास ठेवत नाही आणि त्या मोडतही नाही. ‘तसं काही नसतं हो, पण उगीच कशाला?’ हे वाक्य कोणत्याही दर्शनग्रंथात आढळत नाही. तरी महाराष्ट्रातील घराघरांत ज्या एका तत्त्वज्ञानावर सासू-सुनेचे आणि बाप-लेकाचे एकमत आहे, ते हेच.

त्यातून हे कोल्हापूर. ‘जगात भारी, कोल्हापुरी’ ही येथील पहिली लोकसमजूत. तिला पुरावा कोणी मागत नाही आणि मागितलाच, तर मागणाऱ्याला तांबड्या रश्श्याची वाटी पुढे करण्यात येते. सर्दी, पडसे, अंगदुखी आणि मनाची मरगळ या चारही विकारांवर तांबडा रस्सा हा रामबाण उपाय होय, ही दुसरी समजूत. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागल्यावर सर्दी वाहून गेली की रश्श्याचा तिखटपणा, याचा निवाडा आजवर झालेला नाही.

मात्र सगळ्या जगाला आव्हान देणारा हाच कोल्हापूरकर रंकाळ्याच्या रस्त्याने सकाळी दुचाकीवरून जात असता समोरून मांजर आडवे जाते, आणि गडी थांबतो. थांबलो हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो आरसा पुसतो, खिशातला मोबाईल काढून पाहतो, टायर दाबून बघतो. नियम सर्वांना ठाऊक आहे. मांजराने आखलेली ती अदृश्य रेषा जो प्रथम ओलांडील, त्याच्या कामाचा विचका व्हायचा. नंतरच्यांना वाट मोकळी. त्यामुळे मागून आलेला दुसराही थांबतो, तिसराही थांबतो. कोणी कोणाला काही विचारत नाही. एखादा फार तर एवढेच म्हणतो, ‘जावा की पावणं पुढं.’ पाहुणे काही जात नाहीत. अखेरीस कानांत गाणी खुपसलेला, मांजर न पाहिलेला एखादा महाविद्यालयीन युवक भरधाव येतो, रेषा ओलांडतो आणि खोळंबलेली सगळी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून मार्गस्थ होतात. त्या बिचाऱ्याचा त्या दिवशी पेपर असतो की काय, याची चौकशी करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. हा नियम नीट न्याहाळला, तर त्यात अरिष्ट नाहीसे होत नाही. ते केवळ आपल्या माथ्यावरून काढून दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवले जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मांजरापेक्षा पाल अधिक विद्वान. घराबाहेर पडताना पाल चुकचुकली तर तिचा अर्थ ‘जाऊ नका’ असा होतो. परंतु कोणी काही सांगत असता ती चुकचुकली, तर तिने साक्ष दिली, ‘सत्य आहे!’ असे समजून ऐकणारा भिंतीवर किंवा जमिनीवर बोटाने टकटक करतो आणि ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणतो. पाल तीच, स्वर तोच. एकदा मनाई आणि एकदा अनुमोदन. न्यायालयात अशी साक्ष टिकणार नाही, पण माजघरात शतकानुशतके टिकून आहे. पंचांगांत तर पल्लीपतनाची फळे छापण्याची प्रथा आहे. पाल अंगावर कोठे पडली असता काय घडते, याचे अवयववार कोष्टक त्यात असते. ज्याच्या अंगावर खरोखरच पाल पडते तो ते कोष्टक काढून बघण्याच्या मनःस्थितीत नसतो, ही निराळी गोष्ट. आपली भाषाही या पालीला सोडायला तयार नाही. विज्ञानाचा पदवीधर संपादकही अग्रलेखात ‘मनात शंकेची पाल चुकचुकते’ असे निःशंकपणे लिहून जातो.

डोळा लवण्याचेही असेच. पुरुषाचा उजवा शुभ, स्त्रीचा डावा. हे केवळ अडाण्यांचे खूळ आहे असे मानणाऱ्यांनी कालिदास उघडावा. कण्वाच्या आश्रमात पाऊल ठेवताच दुष्यंताचा बाहू स्फुरण पावतो, आणि पुढे त्याच्या राजसभेत प्रवेश करताना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो. प्रेक्षकांना पुढचे संकट कळते ते त्या एका पापणीवरून. कवीला ही समजूत खरी वाटत होती की नाही, हे कळायला मार्ग नाही. तिची सर्वांना ओळख होती आणि तेवढी ओळख त्याला पुरेशी होती.

समजुतींचे खरे महत्त्व येथेच आहे. त्या खऱ्या असतात म्हणून टिकत नाहीत. सर्वांच्या असतात म्हणून टिकतात. घास घशात अडकून ठसका लागला की पाठीवर थाप मारता मारता आई म्हणते, ‘कुणीतरी आठवण काढली.’ उचकी लागली की एकेक नाव घ्यायचे आणि ज्या नावाला ती थांबेल त्याने आठवण काढली असे मानायचे. लग्न होऊन सहा महिने झालेल्या मुलीची उचकी नेमकी माहेरच्या नावाला थांबते आणि सासूही त्यावर हसून ‘कर बाई फोन’ म्हणते. यात शरीरशास्त्र नाही, पण घर आहे. तळहात खाजला की पैसा येणार, कावळा ओरडला की पाहुणा येणार, आणि पाहुणा आला की तो तळहातावर आलेला पैसा जाणार, असा हा व्यवहारही बरोबर जुळतो.

चपलांविषयी तर कोल्हापूरने अधिकारवाणीने बोलावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. चप्पल जेवढी मानाची, तेवढ्या तिच्याभोवती समजुती अधिक. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होते. चपलेवर चप्पल चढली की प्रवास घडतो. फाटकी चप्पल वाहनाच्या मागे टांगली की दृष्ट लागत नाही; नवीकोरी मोटार आणि तिच्या मागे लोंबणारे जुने पायताण हे दृश्य अजूनही दिसते. या साऱ्यांवर कळस म्हणजे देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली, त्यातही शनिवारी गेली, तर साडेसाती गेली असे समजण्याची रीत! कोणाचे तरी कातड्याचे, करकर वाजणारे नवे जोड जातात. मालक उन्हात अनवाणी उभा असतो आणि त्याच्याभोवती जमलेली मंडळी त्याचे अभिनंदन करू लागतात. ‘सुटलासा म्हणायचं! पीडा गेली.’ पीडा ज्याच्या पायांत गेली, तो मात्र त्या वेळी झपझप पावले टाकीत घराकडे चाललेला असतो आणि त्याला आपण कोणाची साडेसाती घालून निघालो आहोत याची कल्पनाही नसते. येथेही मांजराचाच नियम लागू आहे, हे सुज्ञांच्या लक्षात आले असेल.

दृष्ट काढण्याच्या विधीचे तर्कशास्त्र अधिक अभेद्य आहे. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बाळावरून ओवाळायच्या आणि विस्तवावर टाकायच्या. घरभर ठसका उठला तर दृष्ट नव्हती. ठसका उठला नाही, तर आजी गालावर बोट ठेवून म्हणते, ‘बघा, केवढी लागली होती!’ कोणताही निकाल लागला तरी आजीच जिंकते. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाच्या या नगरीत दृष्टीचा धाक धिप्पाड मल्लांनाही असतो. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत जोर-बैठका मारणारा, मारुतीपुढे नतमस्तक होऊन आखाड्यात उतरणारा पैलवान प्रतिस्पर्ध्याला घाबरत नाही. पण गल्लीतल्या एखाद्या मावशीने ‘किती रे अंगानं भरलास!’ म्हटले की त्याची आई त्याला लगोलग आत बोलावते. या समजुतीत लोकांचे एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. उघड कौतुकाच्या पोटात असूया असू शकते आणि यशाचे प्रदर्शन मांडू नये, हे ती न सांगता शिकवते. बाळाच्या गालावरचे काजळाचे बोट म्हणजे ‘आमचे सारेच काही उत्तम नाही’ अशी जगाला दिलेली विनयशील कबुली.

आता काही समजुतींना धर्म नाही, पंचांग नाही, परंपराही नाही, तरी त्या सर्वांच्या आहेत. दोरीवर धुणे घातले की पाऊस येतो. छत्री बरोबर घेतली की येत नाही. आपण ज्या रांगेत उभे राहतो ती सोडून बाकीच्या सगळ्या रांगा सरकतात. दूध तासभर शांत असते आणि गृहिणीने पाठ वळवण्याची वाट पाहत असते. हरवलेला चष्मा नवा करून आणला की जुना सापडतो. वेधशाळेने मुसळधार पावसाचा इशारा दिला की शाळांना सुट्टी आणि आकाशात ऊन! या शेवटच्या समजुतीत वेधशाळेवर अन्याय आहे. तिचे जे अंदाज बरोबर येतात, त्यांची आठवण ठेवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तोच शेतकरी मृग नक्षत्र लागण्याआधी मात्र आवर्जून विचारतो, ‘औंदा मिरगाचं वाहन काय?’ बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर चेहरा खुलतो. गाढव, कोल्हा असेल तर चेहरा पडतो. सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांतील अंतराला नवाने भागून उरलेल्या बाकीवरून हे वाहन ठरते. सूर्य कोणत्या नक्षत्रात केव्हा जाणार हे पंचांगकर्ता मिनिटांपर्यंत अचूक सांगतो. ते गणित खरे. कोल्ह्यावर बसून येणारा पाऊस किती पडेल, हे मात्र कोल्ह्यालाच ठाऊक.

पावसाविषयीच्या समजुतींत रमणारे हेच लोक पंचगंगेच्या बाबतीत किती काटेकोर असतात, हे पाहण्यासारखे आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामातील ठरावीक खुणेला पाणी टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ असे म्हणण्याची पूर्वापार पद्धत आहे. हे एका परीने लोकांनीच सांभाळलेले पूरमापन. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाण्याने ५५ फुटांची मर्यादा ओलांडली, तेव्हा ‘आमच्या आज्याच्या काळातसुद्धा या पायरीला पाणी लागलं नव्हतं’ या भरवशावर थांबलेल्यांना नावेतून बाहेर यावे लागले. आजोबांचे निरीक्षण खोटे नव्हते. नदीने ते वाचलेले नव्हते, इतकेच. अंबाबाईच्या किरणोत्सवाची गोष्टही अशीच. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोहोचतात. ज्या वर्षी ती पोहोचत नाहीत, त्या वर्षी भाविक देवी कोपली म्हणून स्वस्थ बसत नाहीत. ढग होते की धूर, मार्गात कोणाची इमारत आली, याचा शोध घेतला जातो, मोजमापे होतात. श्रद्धा आणि चिकित्सा एकाच गाभाऱ्यासमोर हात जोडून उभ्या राहू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

भारतीय माणूसच तेवढा भोळा, असे मानण्याची एक फॅशन आहे. ती करणाऱ्यांनी थोडे जगही पाहावे. जपानी भाषेत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार एक होतो म्हणून तेथील कित्येक इस्पितळांत चार क्रमांकाची खोली नसते. पाश्चात्त्य देशांत तेराव्या मजल्याला चौदावा म्हणतात. तेथे राहणाऱ्याच्या पायाखाली मजले तेवढेच असतात. थोर पदार्थवैज्ञानिक नील्स बोर यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. दारावर घोड्याची नाल टांगलेली पाहून एका पाहुण्याने विचारले, ‘आपणही यावर विश्वास ठेवता?’ उत्तर मिळाले, ‘मुळीच नाही, पण विश्वास नसला तरी ती काम करते असे ऐकतो.’ आख्यायिका खरी असो वा नसो, ‘उगीच कशाला’चा हा डॅनिश अनुवाद आहे, हे कोणीही कबूल करील.

हे असे का होते, याचा उलगडा करणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. कबुतराने काही करण्याची गरजच नव्हती. परंतु दाणे पडले त्या क्षणी जे कबूतर गिरकी घेत होते ते पुढे गिरक्याच घेत राहिले, जे मान हलवीत होते ते मान हलवीत राहिले. आपल्यामुळेच दाणे पडतात, अशी प्रत्येकाची जणू खात्री झाली. क्रिकेटच्या सामन्यात ‘जागेवरून हलू नका, आत्ताच चौकार गेलाय’ म्हणून घरातल्या आजोबांना दोन तास एका कुशीवर बसवून ठेवणाऱ्या नातवंडांनी त्या कबुतरांना हसू नये. फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मधील आपल्या ग्रंथात आणखी जुनी एक गोष्ट दिली आहे. नवस फेडून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे देवळात टांगलेली होती. ती दाखवून एकाला विचारले गेले, ‘आता तरी पटले ना?’ त्याने उलट विचारले, ‘नवस करूनही जे बुडाले, त्यांची चित्रे कोठे लावली आहेत?’

येथवर सारे हसण्यावारी नेता येते. न्यावेही. मांजराला घाबरणाऱ्याला ‘मागासलेला’ म्हणून हिणवल्याने त्याचे प्रबोधन होत नाही. तो मांजराला घाबरतोच, शिवाय हिणवणाऱ्याचा राग धरतो. २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो नरबळी आणि अमानुष, अघोरी प्रथांसाठी. मांजराने रस्ता ओलांडण्याविषयी त्यात कलम नाही, आणि नाही तेच योग्य. पण दुसऱ्या टोकाचाही एक वर्ग अलीकडे वाढला आहे आणि त्याचा संचार आपल्याच घरांत, आपल्याच मोबाईलवर अधिक आहे. दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीतून जीवनसत्त्वे हवेत पसरतात, असे त्याचे ‘विज्ञान’ सांगते. प्रत्येक जुन्या चालीमागे पूर्वजांची प्रयोगशाळा होती, असे ठासून सांगणारे संदेश सकाळी उठल्याबरोबर येऊन पडतात. दिवेलागणीनंतर केर काढू नये, यामागे अंधूक प्रकाशात एखादा मणी, एखादी फुली केरात जाऊ नये हा साधा व्यवहार असणे शक्य आहे. सगळ्याच चालींमागे असा व्यवहार सापडेल असे नाही आणि सापडला नाही म्हणून हिंदू धर्माचे काही अडत नाही. ज्या धर्मात उपनिषदांतील ऋषी प्रश्न विचारतात, त्याला लिंबाच्या सालीतून आधार शोधण्याचे कारण काय? रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘किर्लोस्कर’ मासिकातून रूढींची जी परखड चिरफाड केली, ती हिंदुत्व पातळ करण्यासाठी नव्हती. त्यांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांची नुसती पारायणे करून, वर लिंबू-मिरचीचे विज्ञान पुढे पाठवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

परंतु मुख्य मुद्दा वेगळाच आहे. अपशकुनांच्या जुन्या याद्या उपलब्ध आहेत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून लोकसमजुती जमवल्या होत्या. १९०९ च्या डिसेंबरात हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या गोळीने त्यांचा अंत झाला. पुढे एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती टिपणे संपादून प्रसिद्ध केली. कोकणविषयक खंड १९१५ चा. राज्यकर्त्यांचा हेतू काहीही असो, मास्तरांनी उत्तरे प्रामाणिकपणे दिली. अशा याद्या वाचताना प्रथम हसू येते. समोरून मांजर आले, रिकामी घागर आली, लाकडाची मोळी आली… आणि मग त्याच ओळीत, त्याच शाईने, ‘विधवा स्त्री’ येते. हसू तेथे थांबते. मांजर, घागर, मोळी आणि एक माणूस! जिने नवरा गमावला तीच इतरांसाठी अशुभ. मांजराचा नियम येथे लागू केलेला आहे. अरिष्ट घरावर आले. ते तिच्या एकटीच्या माथ्यावर ठेवून बाकीचे मोकळे झाले. रस्त्यावरच्या त्या मुलाला आपल्या डोक्यावर काय ठेवले गेले हे कळत तरी नव्हते. हिला ते आयुष्यभर रोज कळत असते.

या गोष्टीचे नवल कोल्हापुरात तर अधिक वाटावे. शहरातून महामार्गाकडे निघालेल्या माणसाला कावळा नाक्यावर एक अश्वारूढ पुतळा लागतो. तो महाराणी ताराराणींचा. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा त्या अवघ्या पंचविशीच्या आसपास होत्या. त्या वैधव्यात त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. पातशहा दक्षिणेतच मेला, मराठ्यांचे राज्य मेले नाही. पुढे करवीरची गादी त्यांनीच स्थापिली. म्हणजे शुभकार्याला, प्रवासाला, नोकरीच्या मुलाखतीला निघालेला प्रत्येक जण त्या चौकात एका विधवा स्त्रीसमोरून जातो. आजवर कोणी गाडी मागे फिरवल्याचे ऐकिवात नाही. त्याही आधी, १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे गेले. जिजाऊमाँसाहेब त्यानंतर दहा वर्षे होत्या. १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा छत्रपतींनी सर्वांत आधी कोणाचा आशीर्वाद अशुभ मानला, असे विचारले तर तो प्रश्नच पातक वाटेल. मग आपल्या लेकाच्या लग्नात, ज्या आईने शिलाईयंत्रावर पाठ वाकवून त्याला वाढवले, ती मांडवाच्या खांबाआड का उभी असते? हळद लावायला तिला पुढे का बोलावत नाहीत? आणि तिला कोणी बोलावलेच, तर ती स्वतःच ‘नको, उगीच कशाला’ का म्हणते? इतका वेळ हसवणारे ते वाक्य तिच्या तोंडून ऐकवत नाही.

याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे यापुढे गावात होऊ नये, असे त्यात म्हटले होते. ठराव मांडला स्त्रियांनी. त्याच महिन्यात राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. मोठ्या शहरांतील परिसंवादांना जे सुचले नाही, ते ऊस आणि पूर यांच्यात जगणाऱ्या एका गावाला सुचले.

संघटनेच्या कार्यकर्त्यांना यात नवे काही नाही, असे वाटायला हवे. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समतेवर भाषण केले आणि अस्पृश्यता चूक नसेल तर जगात दुसरे काहीच चूक नाही, या आशयाचा निर्वाळा दिला. सावलीने विटाळ होतो, ही समजूतदेखील एके काळी ‘उगीच कशाला’ म्हणूनच घराघरांत पाळली जात होती. ती पाळणारे सगळेच दुष्ट नव्हते. पुष्कळसे सज्जन होते, देवभोळे होते, नुसते भिडस्त होते. किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.

ठराव होणे सोपे नसते, पण ते एका सभेत होऊन जाते. अवघड गोष्ट पुढे असते, आणि तिला ग्रामपंचायत लागत नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू असते. घर गजबजलेले असते. वाण लुटले जात असते. दारात शेजारच्या काकू येतात; गेल्या श्रावणात त्यांचे यजमान गेले. त्या उंबऱ्याशीच थांबतात, मुलीला आत पाठवतात. आतल्या वडीलधाऱ्या बायका एकमेकींकडे पाहतात. कोणी काही बोलत नाही. जसे त्या रंकाळ्याच्या रस्त्यावर मांजरापाशी खोळंबलेल्यांपैकी कोणी बोलत नाही, तसेच. प्रत्येकीला वाटत असते, दुसरीने पुढे व्हावे. अशा वेळी घरातली थोरली सून करंडा उचलते आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन म्हणते, ‘काकू, बाहेर का उभ्या? या की आत. कपाळ पुढं करा बघू.’